खांबा खांबा, बाजूला हो

२ नोव्हें., रवि.

बदामीचं कव्हर काढलं. दहा वर्षांनी. मागच्या सीटखाली उंदरांनी संसार थाटलेला, पण रंग अजून तोच, साल काढलेल्या बदामाचा. इरा टेप घेऊन चारी चाकांभोवती रांगत होती, मी आकडे वहीत उतरवत होतो. मृणालची लेक, पण हात माझे घेतलेत. गुरुग्रामच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर मोटारींची अंगं काढते.

बेत तिचा. चारी मडगार्डं कापायची, त्यांवर फायबरची रुंद, फुगीर मडगार्डं रिव्हेटने बसवायची. पुढे जमिनीला टेकेल असा ओठ, मागे पंख, जाडजूड टायर. शर्यतीच्या गाडीसारखी. चित्र दाखवलं. आपली एवढीशी बदामी छाती काढून उभी. मला आधी हसू आलं, मग कसंसंच झालं.

"आबा, रोडवर तर ती जाऊच शकत नाही. एनसीआरमध्ये एवढी जुनी गाडी अलाउडच नाही. मग ट्रॅकवर तरी जाऊ दे ना यार."

खरं आहे. पन्नास पूर्ण होईपर्यंत मूळ रूपात ठेवली तर जुन्या मोटारींचा वेगळा कागद मिळतो म्हणतात. अजून चार वर्षं. तोवर मी ब्याऐंशी. पोर्चमध्ये छान ऊन होतं. हो म्हणालो.

५ नोव्हें., बुध.

गाडी टेंपोवर चढवून इक्बाल मिस्त्रीच्या शेडमध्ये नेली. डेंटिंग-पेंटिंगवाला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, खोकतो माझ्याहून जास्त. मागे मोकळं आवार आहे, बाभळी आहेत. बदामीला तिथे उभी पाहून बरं वाटलं, हवापालट झाल्यासारखी.

पुठ्ठ्याचे साचे मी कापणार असं ठरलं. चौतीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली ती काय उगाच. इरा म्हणाली, कॉम्प्युटरवर आहे सगळं. मी म्हटलं, पत्र्याला कॉम्प्युटर कळत नाही. इक्बाल हसला. "अंकलजी सही बोल रहे हैं, बेटा." दिवसभर पेन्सिल कानावर. फार दिवसांनी भूक लागली.

साचे कापताना सातवीच्या पुस्तकातली नदीची कविता आपोआप ओठांवर आली. या गाडीत मी किती कविता म्हटल्या असतील. फरीदाबाद ते पहाडगंज, तिसऱ्या गियरमध्ये चाल बरोबर बसायची. शेजारी सुमती, मागे मृणाल. मी एक ओळ म्हणायची, मृ.ने पुढची.

त्यावर आज लिहीत नाही.

९ नोव्हें., रवि.

मृ. आली नोएडाहून, मेट्रो आणि मग रिक्षा. डब्यात मेथीची भाजी. पंचेचाळीस वर्षांची झाली, मोठ्या हुद्द्यावर आहे, पण गाडी चालवायला शिकली नाही. "आमच्या घरात बायकांच्या रक्तातच नाही ते," म्हणते.

शेडमध्ये डाव्या पुढच्या मडगार्डाशी उभी राहिली आणि हसायला लागली. "इरा, इथे बघ. इथेच तुझ्या आजीने खांब मारला होता." हनुवटी वर करून तीन टाक्यांचा व्रण दाखवला. "आणि ही आईची सही."

इराला अर्धवट माहीत होतं. मृ.ने सगळं सांगितलं. आई नुकतीच शिकली होती, मंडळाच्या हळदीकुंकवाला निघालो होतो, हॉलच्या दारातच दिव्याचा खांब. मग त्या वर्षी गणपतीत झालेली नाटुकली. बाबांनी लिहिलेली. आणि सुरात म्हणून दाखवलं,

*खांबा खांबा, बाजूला हो, वहिनी आली गाडीत;*
*ब्रेक शोधते पर्समध्ये अन् किल्ली शोधते साडीत.*

इरा हसून हसून खाली बसली. इक्बालला हिंदीत समजावलं, तोही हसला. मग इरा म्हणाली, "आबा, डन. डाव्या साइडला मोठ्या अक्षरांत हेच लिहायचं. आणि बॉनेटवर 'सुमती'. आजीची गाडी. आजी आमची ओरिजिनल रॅश ड्रायव्हर." कापलेल्या पत्र्याचा तुकडा फ्रेम करून भिंतीवर लावणार म्हणते. "आजीचा डेंट."

मृ.चे डोळे भरून आले. म्हणाली, आईला किती आवडलं असतं.

मी चहा सांगायला गेलो. टपरी समोरच होती, तरी बराच वेळ लागला.

१० नोव्हें., सोम.

लिहून टाकतो. सु. गेल्याला चार वर्षं झाली. या वह्यांत मी पिंपळाच्या पानांवरसुद्धा लिहिलंय, पण हे एकदाही नाही.

गाडी मी चालवत होतो.

मृ. सात वर्षांची, मागे. मी एक ओळ म्हटली, तिला पुढची येईना, म्हणून मी मागे वळून ओठांनी अक्षर दाखवत होतो. खांब डावीकडे. सु. डावीकडे बसली होती. तिळगुळाचा डबा उघडून सगळा डॅशबोर्डवर. मृ.चं रक्त. मी माझ्या दाराने उतरून मागच्या दाराशी धावलो. सु.चं दार पत्र्यात अडकलेलं, म्हणून ती सरकून सरकून माझ्याच दाराने बाहेर आली. तेवढ्यात हॉलमधून माणसं आली. मंडळाच्या काण्यांनी पाहिलं ते एवढंच, की वहिनी स्टिअरिंगमागून उतरताहेत.

"वहिनी चालवत होत्या वाटतं?"

मी मृ.ला कडेवर घेऊन उभा. सु.ने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. तीही नाही. तिथून दवाखाना. मृ.ला त्या दिवसाचं टाक्यांपलीकडे काही आठवत नव्हतं; पुढे जे ऐकलं तीच तिची आठवण झाली.

मग बोलायला रोजच उशीर होत गेला.

तिला लायसन मिळून महिना झाला होता. तो एक महिना ती एकटी गाडी घेऊन पहाडगंजला शाळेत जायची, मुलांना मराठी शिकवायला. संध्याकाळी किल्ली टेबलावर ठेवताना एक विशिष्ट आवाज करायची. त्यानंतर बस.

११ नोव्हें., मंगळ.

आणि नाटुकली? कोणी सांगितलं होतं लिहायला? काणे म्हणाले, यंदा काहीतरी खुसखुशीत द्या. मला यमक आधी सुचलं. गाडीत, साडीत. यमक सुचलं की मला दुसरं काही दिसत नाही.

सु. पहिल्या रांगेत होती. हसली. नंतर प्रसादाच्या पुड्या वाटत होती.

१३ नोव्हें., गुरु.

हवा फार वाईट. समोरचं घर दिसत नाही. इक्बालने रंगाचा फवारा बंद ठेवलाय, नुसतं घासकाम. उजव्या बाजूची दोन्ही मडगार्डं कापून झाली, फायबर तात्पुरतं बसवून पाहिलं. माझे साचे केसभरही चुकले नाहीत. इराने फोटो ऑफिसात पाठवले.

डावं पुढचं घासताना पुट्टीचा थर निघाला, बोटभर. इक्बाल हात फिरवत म्हणाला, "तगड़ी लगी थी. दरवाज़े का खंभा तक हिला है. इधर जो बैठा था, वो कैसे निकला होगा?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी हा प्रश्न विचारला.

"उधर से निकली. मेरी तरफ़ से." मी म्हटलं.

त्याने मान वर केली. "आपकी तरफ़ से?"

"गाड़ी मैं चला रहा था."

हिंदीत किती सोपं गेलं. त्याने निळी टेप फाडली, कापायची रेघ मडगार्डावर आखली. "तो बच्ची क्या लिखवा रही है इस पे?" असं विचारून खोकला. उत्तराची वाट पाहिली नाही.

१६ नोव्हें., रवि.

इराचा नमुना आला फोनवर. पिवळ्या अक्षरांत, तिरकस, वेगात पळणारी. खांबा खांबा, बाजूला हो. तिने शुद्धलेखनसुद्धा मला विचारून घेतलं. हिला 'अडगळ' म्हणजे काय ते माहीत नाही, पण माझ्या ओळी पाठ.

"कसं वाटतंय, आबा?"

छान, म्हणालो. मग म्हणालो, सध्या अक्षरं नको लावू, जागा मोकळी ठेव.

"का?"

रंग सुकू दे आधी.

"आबा, तू नर्व्हस आहेस का?"

१७ नोव्हें., सोम.

इराला गाडीचं मूळ पुस्तक हवं होतं, मापं ताडून बघायला. सु.च्या कपाटात सापडेल वाटलं. पुस्तक नाही. शाळेचा खाकी लिफाफा मिळाला, दोरी गुंडाळलेला.

आत लायसन. सु.चं. पहिलं, पुस्तकासारखं. फोटोत पस्तिशीची, वेणी पुढे घेतलेली. त्याखाली नूतनीकरणाच्या पावत्या. डोळे तपासल्याचे डॉक्टरचे कागद. मग प्लास्टिकचं कार्ड. त्यात चष्मा. मग आणखी एक. केस पांढरे. मग शेवटचं, ती गेली त्याच्या पुढच्या वर्षापर्यंत चालणारं.

म्हणजे बदामीवर कव्हर चढल्यावरसुद्धा तिने ते करून घेतलं. "जरा शाळेत जाऊन येते," म्हणायची रिटायर झाल्यावर. मी म्हणायचो, ये.

कोणत्या रांगेत उभी राहिली असेल. बसने गेली असेल. आणि घरी आल्यावर मी तिला काहीतरी वाचून दाखवलं असेल.

१८ नोव्हें., मंगळ.

ती वाट पाहत होती का? का नुसतं स्वतःसाठी? विचारायचं कोणाला.

दिवसभर काही नाही.

२१ नोव्हें., शुक्र.

मनात एक फार सोपी वाट आली आहे. लिहून ठेवतो म्हणजे तिच्यावरून जाता येणार नाही. रविवारी डावं मडगार्ड कापतील. पुट्टी, चेपलेला पत्रा, सगळं जाईल. वर नवं फायबर. इराची अक्षरं लागतील. लोक टाळ्या वाजवतील आणि सु.चं नाव घेतील, प्रेमानेच. मृ. रडेल, आनंदाने. कोणाचं काय वाईट होतंय?

असं मी स्वतःला दोन तास समजावलं. चांगलं वाक्य जुळलं की मला ते खरंच वाटायला लागतं, हा जुना रोग.

लिफाफा पिशवीत भरून ठेवला आहे.

२३ नोव्हें., रवि.

मृ. मोबाइल धरून उभी होती, कापतानाचा व्हिडिओ घ्यायला. इराच्या डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. पहिला काप तिला स्वतः द्यायचा होता. इक्बालने ग्राइंडर चालू करून तिच्या हातात दिला.

"थांब," मी म्हटलं. आवाजात ऐकू गेलं नाही. हात वर केला. इक्बालने प्लग काढला.

"त्या दिवशी गाडी मी चालवत होतो."

"कुठल्या दिवशी, बाबा?" मृ. अजून फोनकडे बघत.

"खांबाच्या."

सांगितलं. उभ्यानेच, जेवढं जमलं तेवढं. मागे वळलो होतो हे. तुला ओळ येत नव्हती म्हणून, हे मात्र गाळलं. मग वाटलं, पुन्हा गाळतोय. तेही सांगितलं.

मृ.ने फोन खाली केला. "आणि ती कविता?"

"माझीच."

"ते माहीत आहे. नंतर लिहिलीत ना? गणपतीत?"

"हो."

"म्हणजे माहीत असताना लिहिलीत."

इरा मध्ये पडली, "पण मम्मा, आजी तर हसायची ना त्यावर—"

"तू गप्प बस जरा."

मग मृ. माझ्याशी नाही, मडगार्डाशी बोलल्यासारखी बोलली. दहावीत असताना, पावसात, आई म्हणाली होती की क्लासला मी सोडते तुला गाडीने. "मी काय म्हणाले माहितीय बाबा? नको, मला मरायचं नाहीये. आई बरं म्हणाली आणि छत्री दिली." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही होतात घरात. पेपर वाचत होतात."

होतो. मला आठवत नाही, पण असणारच.

लिफाफा दिला. तिने शेडच्या दाराशी उजेडात एकेक फोटो पाहिला. चारही. मग परत पहिल्यापासून. लिफाफ्याची दोरी नीट गुंडाळून पर्समध्ये टाकली. खिळ्यावरची बदामीची किल्ली काढून घेतली आणि गेली. इरा तिच्यामागे धावली, मग परत आली, ग्राइंडरची वायर गोळा केली, परत गेली.

इक्बालने स्टूल दिलं. म्हणाला, "आज काम नहीं होगा."

२६ नोव्हें., बुध.

मृ. फोन उचलत नाही. इराचा मेसेज: "आबा ती लाइन मी फाइलमधून डिलीट केली." एवढंच.

थोड्या वेळाने दुसरा: "आता तिथे काय लिहू?"

२८ नोव्हें., शुक्र.

तीन दिवस प्रयत्न केला. सु.साठी एक ओळ. फक्त एक. चार पानं खोडली. 'तू' असं लिहिलं की पुढे फुलं येतात, दिवा येतो, चांदणं येतं. सगळी पुस्तकातली. ती दुपारी दोनच्या बसने शाळेतून यायची, हातात वह्यांचा गठ्ठा, त्या बसला एकही यमक नाही.

फाडलं सगळं.

३० नोव्हें., रवि.

पायी शेडपर्यंत गेलो. बदामी विचित्र दिसते. उजवीकडून पाहिली तर शर्यतीची, फुगलेली, दमदार. डावीकडून पाहिली तर आपली जुनी, साधी, पोटाशी चेपलेली. समोरून पाहवत नाही.

इक्बाल म्हणाला, असं अर्धवट किती दिवस? ट्रॅकचा दिवस जानेवारीअखेरीस आहे. एक तर डावी बाजू कापा, नाहीतर उजवीला पुन्हा पत्रा लावून देतो, जोडकाम दिसेल पण लागेल. "बोलिए, अंकलजी. आपकी गाड़ी है."

मी म्हटलं, मेरी नहीं है.

इरा आली होती. माझ्याशी बोलली, जेवढ्यास तेवढं. कप धुऊन ठेवला. जाताना मला विचारलं, "आबा, आजीने तुला कधीच काही नाही म्हटलं? एकदाही?"

आठवून पाहतो म्हणालो. खरंच आठवून पाहतोय. एकदा कव्हर चढवताना म्हणाली होती, "बॅटरीची वायर काढू नका, असू दे." मी काढली. गंज चढतो म्हणून.

३ डिसें., बुध.

मृ.चा फोन नाही. मी केला नाही. आधी करायचो तेव्हा मला बरं वाटावं म्हणूनच करत होतो, हे कळलं.

इराला निरोप पाठवला: मडगार्डाचं काय ते तुझी आई ठरवेल. व्रण तिचा आहे. इराने अंगठा पाठवला.

६ डिसें., शनि.

सकाळी मृ.चा मेसेज. तेरा दिवसांनी.

"उद्या येते. इक्बालना सांगा बॅटरी चार्ज करून ठेवा. आवार रिकामं करायला सांगा."

तीन वेळा वाचला. बाबा नाही, काही नाही. इराला फोन केला, आईच्या मनात काय आहे? कापायची आहे का? विकायची आहे का? ट्रेलर बोलावलाय का?

"मला नाही माहीत, आबा. मला फक्त विचारलं की क्लच म्हणजे डावा पाय ना."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आबा? तू पाच लिटर पेट्रोल आण. बाकी मला विचारू नकोस."

कॅन घेऊन गेलो. इक्बालने बॅटरी लावली होती. आवारातली मोडकी दारं, डबे, सगळं बाभळींकडे सरकवलं होतं. एक सिमेंटचा खांब आहे मधोमध, वीजमीटरचा. तो हलवता येत नाही. त्याला त्याने दोन जुने टायर बांधले. मी काही म्हटलं नव्हतं.

डाव्या मडगार्डावर निळी टेप तशीच आहे. काढली नाही. माझं काम नाही ते.

मग गाडीत बसलो. माझ्या बाजूला, म्हणजे स्टिअरिंगला. पाय पेडलवर अजून बरोबर पडतात. मृ. सु.एवढीच उंच, तिचे पाय पोचायचे नाहीत. सीट पुढे घ्यायला खालची दांडी ओढली. सरकेना. अडतीस वर्षं माझ्याच मापावर बसलेली, रुळांत गंज धरला आहे. इक्बालने तेल सोडलं, हातोडीने हलके ठोकलं. एक खाच पुढे आली, मग पुन्हा अडकली. अजून दोन तरी खाचा हव्यात.

तेल मुरायला ठेवलं आहे. ती अकराला येईल. मी आठ वाजता जाऊन पुन्हा ओढून बघतो.